परतीचं वजन

३ ऑगस्ट

धाकटीने आज जाहीर केलं की स्प्रिंगविषयी ती दिवसातून एकदाच ऐकेल, तेही चहा संपेपर्यंत. उरलेलं मी लिहून काढावं. म्हणून ही वही. वही निदान मधेच उठून आंघोळीला जात नाही.

आम्हा दोघी बहिणींच्या मालकीची एक गाडी झाली आहे. चारही चाकांनी ओढणारी, लांबलचक आणि आमच्यासारखीच बरीच चाललेली. धाकटी दोन वर्षांपूर्वी एका नेत्रशिबिराबरोबर पठारावर जाऊन आली आणि तेव्हापासून ते पठार तिच्या डोक्यातून उतरलेलं नाही. आता दोन महिने तिकडे फिरायचं आणि थंडी पडायच्या आत घरी यायचं. तिचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे तिची रजा तीच मंजूर करते. मी निवृत्त. माझी रजा मंजूर करणारं आता कुणीच नाही, आणि याची सवय मला अजून झालेली नाही.

गाडी रिकामी असतानाच मागून बसलेली दिसते. आधीच्या मालकाने आत कपाट आणि पाण्याची टाकी बसवली आहे. वर आमचं सामान चढलं की ती नाक वर करून आकाश बघायला लागेल. म्हणजे मागच्या स्प्रिंगा बदलायला हव्यात. कोणत्या घालायच्या ते मी ठरवायचं, कारण शाळेत जन्मभर स्प्रिंगचा धडा मी शिकवला. धाकटी म्हणाली, "ताई, हे तुझं खातं." शाळा सुटल्यापासून मला कुणी खातं दिलं नव्हतं. मी एवढी हरखले की गॅसवरचं दूध उतू गेलं.

६ ऑगस्ट

स्प्रिंगवाल्याकडे जाऊन आलो. दुकान म्हणजे एक लांब बोळ. दोन्ही भिंतींवर स्प्रिंगा टांगलेल्या, मधून अंग चोरून चालायचं. स्प्रिंगवाला बोळाएवढाच रुंद असल्यामुळे तो आत असला की गिऱ्हाइकाने बाहेर थांबायचं.

"तीन प्रकार आहेत," तो आतूनच ओरडला. "हलकी, मध्यम, जड. तुम्ही जड घ्या."

"का?"

"सगळे जड घेतात."

गाडीत कायमचं वजन किती असणार हे कळल्याशिवाय स्प्रिंग घेणं म्हणजे पाय न मोजता बूट घेणं, हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. "अगदी बरोबर," म्हणाला. "जड घ्या."

मग प्रात्यक्षिक म्हणून तो आमच्या मागच्या बंपरवर चढला आणि उड्या मारू लागला. गाडी खाली गेली ती गेलीच. "बघा!" तो म्हणाला. काय बघायचं ते मला कळलं नाही, पण मी मान डोलावली. माझ्या वर्गातल्या मुली अशीच मान डोलवायच्या, हे त्या क्षणी लक्षात आलं.

एक प्रश्न मात्र त्याने मुद्द्याचा विचारला. "येतानाही एवढंच सामान असणार का?"

मी म्हटलं, "अर्थात."

"नाही," मागून धाकटी म्हणाली. "येताना बरंच कमी असेल."

खरंच की. पाणी, डिझेल, डबे, सगळं संपत येणार. हे मला सुचायला हवं होतं.

९ ऑगस्ट

घरातल्या वजनाच्या काट्यावर सामान तोलते आहे. वस्तू कवेत घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि येईल त्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. त्यासाठी आधी स्वतःचं वजन करावं लागलं. तो आकडा इथे लिहीत नाही. शास्त्राला त्याची गरज होती, वहीला नाही.

तंबू, डबे, डिझेलचे कॅन, माझी हत्यारांची पेटी, माझी दुसरी हत्यारांची पेटी. हे सगळं समजण्यासारखं आहे. धाकटीचं सामान मात्र तिच्यासारखंच. डोळे तपासायच्या भिंगांची पेटी एक वेळ ठीक, वाटेत कुणाचे डोळे बघेल. पण भिंगं घासायचं यंत्र? ते उचलून मी काट्यावर चढले तर काट्याने आकडा दाखवायलाच नकार दिला, आणि उतरताना माझ्या कमरेने जे म्हणायचं ते म्हटलं. शिवाय लोकरी कपड्यांची ट्रंक. एक जाडजूड रजई. आणि पडदे!

"पडदे कशाला?"

"ऊन येतं ना."

"गाडीच्या काचा काळ्या आहेत."

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने दोन कप चहा घेऊन समोर येऊन बसली. "ताई, मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

"बोल की. पण त्याआधी हे बघ," म्हणून मी तिला आलेख दाखवला. हलकी स्प्रिंग निळ्या शाईत, मध्यम हिरव्या, जड लाल. तिने तो सगळा, अगदी तळटीपांसकट बघितला. "छान काढलायस," म्हणाली आणि कप उचलून आत गेली. तिला काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

१२ ऑगस्ट

बाजारातून येताना तिच्या दुकानावरून आले. पाटी उतरवलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "हो, काढली." रंगवायला दिली असणार. दोन महिने दुकान बंद, तेवढ्यात पाटीचं काम उरकून घ्यायचं. नियोजनात ती माझ्या वर आहे.

१८ ऑगस्ट

सगळं सामान भरून, टाकीत काठोकाठ पाणी घेऊन ट्रकच्या वजनकाट्यावर गेलो. आधी पुढची चाकं तोलायची, मग मागची. मी टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंचीही मोजत होते. मागे ट्रकांची रांग लागली. एकाने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. धाकटी खिडकीतून डोकं काढून ओरडली, "दादा, जरा थांबा! बाई शिक्षिका आहेत, गणित चाललंय!" हॉर्न थांबला. रस्त्यावरच्या माणसांना गणिताची अजून भीती वाटते, हे बरं आहे.

निकाल वाईट. मागच्या ॲक्सलवर मर्यादेपेक्षा जास्त वजन आहे. स्प्रिंगवाल्याचं म्हणणं, "जड स्प्रिंग टाका, गाडी उचलून धरेल." गाडी उचललेली दिसेल हे खरं, पण खालचा ॲक्सल तोच, ब्रेक तेच, चाकं तीच. टाचा उंच घातल्या म्हणून पायात जोर येत नाही. वजनच कमी करायला हवं. मी म्हटलं, यंत्र काढू.

"यंत्र येणार," धाकटी म्हणाली. असा आवाज तिने शेवटचा कधी काढला होता, आठवत नाही.

मग तिनेच माझी यादी घेऊन भराभरा सामान खोडलं. माझी दुसरी हत्यारांची पेटी गेली, निम्मे डबे गेले, घडीच्या दोन खुर्च्यांतली एक गेली.

"एकाच खुर्चीवर दोघी कशा बसणार?"

"तू कधी खुर्चीत असतेस? सारखी गाडीखाली असतेस."

मी यादीत खुर्चीपुढे 'एक' लिहिलं.

घरी येताना सिग्नलला थांबलो तेव्हा ती हलकेच म्हणाली, "ताई, त्या यंत्राचं असं आहे की—"

"सुटलं ते!" मी म्हटलं. कारण तेवढ्यात मला उत्तर सापडलं होतं. यंत्र पुढच्या सीटला लागून ठेवायचं, मागच्या ॲक्सलच्या पुढे, म्हणजे त्याचा बराच भार पुढच्या चाकांवर जाईल. घरी येईपर्यंत मी तिला तरफेचा नियम उलगडून सांगितला. तिने कपाळाला हात लावला होता. डोकं दुखत असावं. स्वतःचा नंबर कधी तपासत नाही ती.

२५ ऑगस्ट

आज स्प्रिंग ठरली. म्हणजे मी हरले.

वजन आता मर्यादेत आहे, पण जेमतेम. एवढ्या वजनाला जड स्प्रिंगच योग्य. आलेख सांगतो, स्प्रिंगवाला सांगतो, आणि आमच्या दोघांचं एकमत होणं ही काही साधी गोष्ट नाही. पण धाकटीने त्याला विचारलं, "जड घातली आणि गाडी रिकामी परत आली, तर?"

"तर मग उड्या मारत येईल. एकेका दगडाला मणके मोजून घ्या."

"आणि मध्यम घातली तर?"

"रिकामी झकास चालेल. भरलेली मागून बसेल. मोठा खड्डा आला की खालच्या रबरी ठोकळ्यावर आपटेल. मोडणार नाही, पण ड्रायव्हरने जपून हाकायला हवी." स्प्रिंगच्या आत बसवायचे हवेचे फुगेही त्याने दाखवले, पण आमच्या जुन्या गाडीत त्यांना जागाच नाही.

"मध्यम द्या," धाकटी म्हणाली.

मी आलेख उघडला. तिने तो माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि परत दिला. "ताई, जाताना मी चालवणार आहे. जपून चालवीन, कितीही वेळ लागू दे. येताना तुझी मान धरायला नको."

माझी मान! मी तीन रंगांत मांडणी केली, स्प्रिंगवाल्याने बंपरवर उड्या मारल्या, आणि निकाल लागला माझ्या मानेवर. एकदा तिच्या मनात भरलं की संपलं. लहानपणी पिवळाच फ्रॉक हवा म्हणून दुकानात फतकल मारून बसली होती, ती अजून उठलेली नाही.

जोडीला नवे शॉकॲब्सॉर्बरही घेतले, मध्यम स्प्रिंगच्या जोडीचे. तेवढा एक मुद्दा माझा चालला.

१ सप्टेंबर

स्प्रिंगा बसल्या. रिकामी गाडी मागून ताठ उभी आहे, नव्या शिपायासारखी. भरल्यावर बसते, पण आधीपेक्षा पुष्कळ कमी.

धाकटी मला गावाबाहेरच्या बंद खाणीत घेऊन गेली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मी आजवर गाडी शाळेपर्यंत नेली आणि परत आणली, तीसुद्धा दुसऱ्या गिअरच्या पुढे क्वचित. तिने मला छोट्या गिअरचा दांडा दाखवला, दगडगोट्यांवर टायरमधली हवा किती कमी करायची ते दाखवलं, उतारावर ब्रेक न दाबता इंजिनाच्या जोरावर कसं उतरायचं ते दाखवलं. मी तीनदा गाडी बंद पाडली. चौथ्यांदा एका ढिगाऱ्यावर चढवली आणि तिथेच ठेवली.

"तू असताना मी कशाला शिकायचं?" मी वैतागून विचारलं.

तिने खिडकीतून वाकून मागचं चाक पाहिलं. "मागे घे," म्हणाली. "हळू. क्लच अर्धा."

नंतर दोनदा मला तो ढिगारा जमला. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद तिने दुकान उघडलं तेव्हाही मी पाहिला नव्हता.

१० सप्टेंबर

निघालो. निघताना धाकटीने घरातली एकेक खोली फिरून पाहिली. मी खालून हाका मारत होते की टायर गार आहेत तोवर हवा बघून घेऊ.

१४ सप्टेंबर

डांबर संपलं. आता दगड, खडी आणि कोरडे ओहोळ. मोठा खड्डा आला की मागून *धाड* असा आवाज येतो, ठोकळ्यावर आपटल्याचा. दर वेळी मी म्हणते, "जड." सुरुवातीला धाकटी हसायची, दुपारनंतर हसायची थांबली. संध्याकाळी मी म्हणायची थांबले. तिचे खांदे आखडले होते. बैलगाडीच्या वेगाने, एकेक दगड चुकवत, ती ही बसकी गाडी वर नेते आहे. मला चालवायला दे म्हटलं तर म्हणते, "भरलेली मी नेते."

पेटीतलं एकही भिंग अजून फुटलेलं नाही.

१७ सप्टेंबर

पोचलो. वस्ती लहान आहे. दगडी भिंतींची घरं, एक शाळा, एक दवाखाना, भोवती सगळीकडे वारा. दवाखान्यातली नर्स धावत आली आणि धाकटीच्या गळ्यात पडली. शिबिराच्या वेळची ओळख.

"खोली तयार आहे हं," नर्स म्हणाली. "निळं दार मीच रंगवलं. अजून थोडं चिकटतंय."

दवाखान्याला लागून एक खोली आहे. पांढऱ्या भिंती, एक फळी, एक टेबल. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक. दारामागे माझ्या ओळखीची पाटी उभी करून ठेवलेली. ती आमच्या आधी, पोस्टाने पोचली होती. रंगवलेली नव्हती.

नर्स माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही हिला सोडून लगेच निघणार, की राहाल थोडे दिवस?"

मी म्हटलं, "राहीन थोडे दिवस." अगदी सहज. जणू मला सगळं ठाऊकच होतं.

मग बाहेर आले, टेप काढली आणि गाडीची मागची उंची मोजली. यंत्र उतरवलं होतं, ट्रंक उतरवली होती, तेव्हा नोंद व्हायला हवी होती. तीनदा मोजली. तिन्ही वेळा वेगळी आली.

१८ सप्टेंबर

खिडकीला पडदे लागले. बरोबर मापाचे आहेत.

सकाळभर मी तिच्याशी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण फक्त फळी भिंतीला ठोकण्यापुरतं. फळीही मीच ठोकली, कारण तिने ती तिरकी लावली असती. शेवटी हातोडी खाली ठेवून विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. किती वेळा आले. दर वेळी तू आलेख काढलास."

"तो बाजूला सारायचा आणि बोलायचं!"

"तू इतकी खूश होतीस, ताई. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा." ती यंत्राचं झाकण पुसत होती. आधीच स्वच्छ होतं ते. "आणि तू एकदा जरी 'जाऊ नको' म्हणाली असतीस ना, तर मी आले नसते. म्हणून मग बोललेच नाही."

मी तसं म्हणालेच नसते, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणालेच असते. तीन रंगांत म्हणाले असते.

"इथे आहे तरी काय?" मी विचारलं.

"मागच्या वेळी एक बाई आली होती. शिवणकाम करायची. त्याच्याही आधी दोन वर्षं सोडलं होतं, सुईत दोरा ओवता येईना म्हणून. आंधळी होणार असं धरूनच बसली होती. तिला काय हवं होतं सांगू? जवळचा साधा चष्मा, ताई. आपण दुकानात दिवसाला दहा देतो तसला. इथे तो द्यायला कुणी नाही." तिने फडकं खाली ठेवलं. "शिबिराची गाडी निघाली तेव्हा तिने माझा हात सोडला नाही. गाडी सुरू झाली तरी चालत होती बरोबर."

मी त्या तक्त्याकडे पाहिलं. सगळ्यात खालची ओळ मला वाचता आली नाही, पण त्याला कारण नुसता नंबर नव्हता.

"मग मीही राहते इथे."

"नको," ती पटकन म्हणाली. मग हसली, आणि डोळेही पुसले. "तू राहिलीस तर महिन्याभरात हे दुकान तू चालवशील आणि मी तुझ्या हाताखाली असेन. तुझंतुझं काहीतरी कर की, ताई. तुला येतं."

मला राग यायला हवा होता. आला पण. पण तो ज्याच्यावर काढावा असं तिथे कुणी नव्हतं, म्हणून मी दुसरी फळी ठोकली.

२२ सप्टेंबर

निघाले. एकटी. काल तिने माझा नंबर तपासला. वाढला आहे. नवा चष्मा तिथेच घासून दिला. यंत्राचं पहिलं काम माझंच झालं.

निरोपाची वेळ आली. मी म्हटलं, "थंडीत कोपऱ्यातल्या खिडकीला कापड लाव, फट आहे." ती म्हणाली, "ओहोळापाशी हवा कमी कर." मग मी गाडी सुरू केली. आरशात पाहिलं, तर ती हात हलवत नव्हती. मान वाकडी करून मागच्या चाकांकडे बघत होती, गाडी कशी जाते ते.

गाडी अलगद गेली. जाताना जिथे जिथे *धाड* झालं होतं, तिथून नुसती लहरत गेली. मागे पाण्याची टाकी, एक घडीची खुर्ची आणि माझी पेटी, एवढंच. मान दुखली नाही. दुखली असती तर निदान तिला फोन करून काहीतरी बोलता आलं असतं.

२३ सप्टेंबर

ओहोळ आला. जाताना कोरडा होता, आज गुडघाभर पाणी. मी उतरले, काठी घेऊन आत चालत गेले, तळ चाचपला, टायरची हवा कमी केली आणि अर्धा तास काठावर बसून इतर कुठल्या तरी मार्गाने घरी जाता येईल का याचा विचार केला. मार्ग नव्हता. छोटा गिअर टाकला आणि पाण्यात घातली. मधे एकदा मागचं चाक घसरलं. मी वर्गात वापरायचे त्या आवाजात गाडीला दम दिला. ती वर चढली. पलीकडे थांबले, उतरले आणि चारही चाकांभोवती एक फेरी मारली.

पलीकडे एक ट्रक उभा होता. पाणी उतरण्याची वाट बघत बसलेला ड्रायव्हर, पन्नाशीचा, हे सगळं बघत होता. "बाई, एकट्याच?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने मला चहा दिला. त्याच्या मालाच्या कागदावर पुढच्या वस्तीचं नाव होतं, ते त्याला वाचायचं होतं. त्याने कागद हातभर लांब धरला, मग आणखी लांब, मग मान मागे नेली. हात पुरेना.

"वाचून देता का?" तो म्हणाला. "अक्षरं हल्ली फार बारीक छापतात."

मी वाचून दिलं. नाव धाकटीच्याच वस्तीचं होतं. मग मी आले होते त्या बाजूला, वर पठाराकडे बोट दाखवलं.

"त्याच वस्तीत दवाखाना आहे. त्याला लागून निळ्या दाराची खोली. तिथे डोळे तपासून घ्या, चष्मा हातोहात मिळेल."

"चांगला डॉक्टर आहे का?"

"डॉक्टर नाही, चष्मेवाली आहे. भयंकर हट्टी आहे. पण नंबर चुकत नाही." एवढं सांगून मी गाडीत बसले, आणि काच खाली करून पुन्हा हाक मारली, "अहो, दाराला हात लावू नका, रंग अजून चिकटतोय! आणि सांगा तिला, ताईने पाठवलंय!"